सांगणारं साधन घ्या, धरून ठेवणारं नको

रेंजवर बादलीतले शेवटचे वीस चेंडू सरळ जातात. मनात येतं, आता जमलं. दोन दिवसांनी मैदानावर पहिल्याच टीवरून चेंडू उजवीकडच्या झाडीत शिरतो आणि पुढचे तीन होल तो सापडलेला स्विंग शोधण्यात जातात. येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर खेळणाऱ्यांकडून मी ही तक्रार ऐकली आहे, बावधनला ऑक्सफर्डचे चढउतार तुडवणाऱ्यांकडूनही ऐकली आहे. तक्रारीच्या पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: सातत्य येण्यासाठी एखादं साधन घेऊ का? घ्यायचं तर कोणतं?

माझं उत्तर आधीच देतो. तुमची चूक तुम्हाला सांगेल असं साधन घ्या. तुम्हाला चूक करूच देत नाही, अशा साधनावर पैसे घालू नका.

हे मी पैसे घालवून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी दोन्ही कोपरं जवळ धरून ठेवणारा एक पट्टा घेतला होता. तो बांधला की आयर्नचे फटके इतके स्वच्छ लागायचे की शेजारच्या मॅटवरचे लोक थांबून बघायचे. पट्टा काढला की चौथ्या-पाचव्या चेंडूला जुना स्विंग परत हजर. दोन महिने मी पट्टा बांधून सराव केला. त्या दोन महिन्यांत पट्टा बांधून खेळण्यात मी तरबेज झालो, गोल्फमध्ये मात्र होतो तिथेच राहिलो.

याचं कारण हालचाली शिकण्याच्या शास्त्रात सापडतं. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या अभ्यासकांनी १९८४ मध्ये मांडलं की प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून मार्गदर्शन मिळत राहिलं तर सराव चालू असताना कामगिरी उंचावते, पण तो आधार काढला की ती घसरते. शरीर त्या आधारालाच कामाचा भाग समजून बसतं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधत. तो उपयोगी पडे, कारण शिकवणारा काठावर उभा असे आणि डबा कधी सोडायचा हे त्याला कळत असे. बाजारातून आणलेल्या पट्ट्याबरोबर असा शिकवणारा येत नाही.

साधन निवडण्याआधी सातत्य कशात हवं आहे ते ठरवायला हवं. क्लबचं तोंड आणि चेंडू यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. तुमचं कोपर कुठे होतं, कंबर किती वळली, यातलं चेंडूला काहीच कळत नाही. त्या क्षणी क्लबचं तोंड कुठे पाहत होतं, क्लब कोणत्या वाटेने येत होता, तोंडाच्या कोणत्या भागावर चेंडू लागला आणि वेग किती होता, एवढंच त्याला कळतं. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः तोंडाची दिशा ठरवते. तोंड आणि वाट यांच्यात फरक असेल तर तो हवेत वळतो. दीडशे यार्डांवर एक अंशाची चूक म्हणजे अडीच यार्डांहून थोडं जास्त अंतर. म्हणजे चार अंश चुकले तरी चेंडू बहुधा ग्रीनच्या आसपासच पडतो. त्यामुळे ‘माझा स्विंग बिघडलाय’ असं म्हणून साधनांच्या मागे लागू नका. आधी या चारांतलं नेमकं काय बदलतंय ते शोधा.

ते शोधण्यासाठी लागणारं साधन कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं: व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर. चेंडूच्या ज्या बाजूला क्लब लागणार तिथे ठसठशीत ठिपका काढा आणि सातच्या आयर्नने मारा. ठिपक्याची खूण क्लबच्या तोंडावर उमटते. बघा, वहीत टिपा, कापडाने पुसा. असे दहा चेंडू मारा. ड्रायव्हरसाठी तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला तरी चालतो.

आता वहीतल्या दहा खुणा नीट वाचा. त्या सगळ्या क्लबच्या टाचेच्या, म्हणजे दांड्याजवळच्या बाजूला एका ठिकाणी जमल्या असतील तर निराश होऊ नका, ही चांगली बातमी आहे. तुमच्या स्विंगमध्ये सातत्य आहे, फक्त ते चुकीच्या जागी आहे. बहुतेकदा तुम्ही चेंडूच्या फार जवळ उभे असता, किंवा खाली येताना वजन पंजांवर ढकलता. पाऊलभर फरकाने ते सुधारू शकतं. खुणा तोंडभर विखुरल्या असतील तर मात्र तोल आणि लय तपासायला हवी. या दोन खेळाडूंना दुकानात एकच साधन विकलं जातं, आणि त्यातल्या एकाला त्याची काहीच गरज नसते.

यानंतर दिशा. यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन सरळ काठ्या मला सगळ्या साधनांत सर्वांत मोलाच्या वाटतात. त्या विकत मिळतातच, पण इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरिंगचा दहा फुटी पीव्हीसी पाइप आणून त्याचे चार-चार फुटांचे दोन तुकडे केले तरी तेच काम होतं. एक काठी चेंडूपलीकडे लक्ष्याच्या दिशेने ठेवा, दुसरी पावलांच्या पुढे तिला समांतर. कितीतरी खेळाडू खांदे आणि पावलं लक्ष्याच्या बरीच उजवीकडे ठेवून उभे राहतात, मग वाचवण्यासाठी खाली येताना चेंडू डावीकडे ओढतात. ही ओढ रोज वेगळी असते. सातत्य जातं ते तिथे, आणि दोष स्विंगला मिळतो. काठ्या तुम्हाला धरत नाहीत, फक्त दाखवतात. एक इशारा: काही कवायतींत काठी जमिनीत तिरकी रोवतात. तिथे लोखंडी सळई कधीही वापरू नका, आणि काठीच्या वरच्या टोकाला फोमचा तुकडा लावा. वाकताना डोळ्याला इजा होऊ शकते.

पुण्यातल्या खेळाडूंना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, ती मॅटची. जून ते सप्टेंबर आपला बराचसा सराव मॅटवर होतो. गवतावर क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला तर तो मातीत रुततो आणि चेंडू पन्नास यार्डांत पडतो. मॅटवर तोच क्लब घसरत पुढे जातो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. चार महिने मॅट तुमची चूक लपवते. दिवाळीनंतर मैदान कोरडं आणि कडक झालं की ती चूक एकदम उघडी पडते. यावर साधन म्हणजे घरातला पंचा. तो घडी घालून चेंडूच्या वीतभर मागे ठेवा. क्लब लवकर खाली आला तर पंच्याला लागतो आणि तुम्हाला लगेच कळतं. वीतभर अंतर जमलं की अर्धी वीत करा. तुमच्या मैदानावर सरावाचा बंकर असेल आणि परवानगी असेल तर वाळूत रेघ ओढून चेंडूशिवाय स्विंग करा. वाळू रेघेच्या पुढे उडाली पाहिजे. वाळूइतकं खरं बोलणारं साधन दुसरं नाही.

मॅटवर रोज शंभर-दोनशे चेंडू मारणाऱ्यांनी मनगट आणि कोपराकडेही लक्ष द्यावं. दुखायला लागलं तर साधन बदलून उपयोग नाही, चेंडूंची संख्या कमी करा.

आता लय. हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, आणि मराठी वाचकाला तो चटकन उमजेल असंही वाटतं. अमेरिकेतले जॉन नोव्होसेल यांनी मोठ्या खेळाडूंच्या चित्रफिती एकेक फ्रेम मोजत तपासल्या आणि २००४ मध्ये ‘टूर टेम्पो’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं की क्लब मागे नेण्याला लागणारा वेळ आणि वरून चेंडूपर्यंत यायला लागणारा वेळ यांचं प्रमाण जवळपास तीनास एक असतं. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर कोणाचं एकवीसास सात, कोणाचं चोवीसास आठ, कोणाचं सत्तावीसास नऊ. वेग निराळे, प्रमाण तेच. हौशी खेळाडू ‘सावकाश, सावकाश’ म्हणत क्लब फार हळू मागे नेतो आणि वरून घाईने खाली आणतो. प्रमाण तिथेच मोडतं.

यासाठी परदेशात खास टोन वाजवणारी यंत्रं आणि ॲप मिळतात. तुमच्या मोबाइलमध्ये तबल्याचं ॲप असेल तर त्याची गरज नाही. केरवा लावा. आठ मात्रा, पाचवीवर खाली, पहिलीवर सम. खालीवर क्लब मागे न्यायला सुरुवात करा, सहा, सात, आणि आठव्या मात्रेला क्लब वर पोहोचलेला हवा. तिथून एका मात्रेत खाली, आणि समेवर चेंडू. तीन मात्रा जायला, एक यायला. लय द्रुत हवी. चोवीसास आठच्या प्रमाणासाठी मिनिटाला सुमारे २२५ मात्रा, सावकाश प्रकृतीच्या माणसाला २००, चपळाला २५५ च्या आसपास. पहिल्या दिवशी चेंडू ठेवूच नका, नुसता स्विंग करा. सम गाठता येत नाही म्हणून वैताग येईल, पण तो वैतागच शिकवतो. आपण आठव्या मात्रेच्या आधीच वरून निघतो हे पहिल्यांदा कानाला कळतं. गाणं ऐकणाऱ्या माणसाला समेच्या आधी पडलेली थाप जशी खटकते, तसा घाईचा फटका खटकू लागला की काम अर्धं झालं. मग तबला बंद करा, मनात चालू ठेवा.

लयीसाठीच लवचीक दांड्याचे आणि टोकाला गोळा असलेले वजनदार स्विंग-ट्रेनर मिळतात. विकतच्या साधनांत ते मला पटतात, कारण घाई केली की दांडा डुलतो आणि हातात लगेच जाणवतं. फेरीआधी अंग मोकळं करायलाही बरे. पण फ्लॅटमध्ये वापरू नका, छतावरचा पंखा आणि कोपऱ्यातलं कपाट दोन्ही आवाक्यात येतात. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये मोकळी जागा बघा. कंबर दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनदार काहीही फिरवू नका.

पटिंगचं साधन बहुतेक जण शेवटी घेतात. माझ्या मते ते सर्वांत आधी यावं, कारण तिथे चुकीला जागाच नसते. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४. तीन मीटरवरून पटरचं तोंड एक अंश फिरलं की चेंडू सुमारे ५२ मिलिमीटर बाजूला जातो, अगदी होलच्या कडेवर. दोन अंश फिरलं की चुकलाच. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानातून एक मीटरची पोलादी पट्टी आणा. सपाट जागी ठेवून तिच्यावर चेंडू ठेवा आणि हलकेच पट करा. तोंड पट्टीशी काटकोनात असेल तर चेंडू टोकापर्यंत पट्टीवरून जातो, नाहीतर मध्येच खाली उतरतो. पट्टी खोटं बोलत नाही आणि रुसतही नाही. ग्रीनवर गेलात की पटरच्या दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा सोडून दोन टी रोवा आणि मधून पटर न्या. टायगर वुड्सच्या सरावातली ही कवायत प्रसिद्ध आहे आणि तिला लागणाऱ्या दोन टी तुमच्या खिशात आधीच असतात.

पंचा, पट्टी, दोन टी ही साधनं मी का निवडतो, याचं आणखी एक कारण आहे. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांना पिच शॉट शिकवून पाहिला. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या हालचालीकडे. क्लबकडे लक्ष देणारे अधिक चांगलं शिकले. लक्ष शरीराबाहेरच्या वस्तूवर असेल तर शरीर आपलं काम आपोआप बरं करतं. कोपर, मनगट, गुडघा यांच्यावर सतत मन ओढणारं साधन या कसोटीवर कमी पडतं. पंच्याला क्लब लागू नये, पट्टीवरून चेंडू उतरू नये, एवढा साधा हेतू मनाला पेलतो.

मोबाइलचा कॅमेरा हेही साधनच आहे आणि ते सगळ्यांकडे आहे, पण वापरतात चुकीचं. कॅमेरा हातांच्या उंचीवर ठेवा: एकदा लक्ष्याच्या रेषेत मागून, एकदा अगदी समोरून. दर वेळी तीच जागा, तीच उंची, स्लो मोशन. कॅमेरा पाऊलभर सरकला तरी स्विंगची वाट निराळी दिसते आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करायला बसता. आठवड्यातून एकदा चित्रण पुरे. प्रत्येक चेंडूनंतर मोबाइल पाहणाऱ्याचा सराव होत नाही.

रडारवर चालणारे लॉन्च मॉनिटर वेग, दिशा, फिरकी सगळं आकड्यांत सांगतात. ते सांगणाऱ्या साधनांत अव्वल आहेत. पण उत्तम यंत्रांची किंमत लाखांत जाते आणि आकड्यांचा अर्थ लावणारा माणूस शेजारी नसेल तर गोंधळच वाढतो. विकत घेण्यापेक्षा कोचबरोबर तासभर वापरा, आकडे वहीत उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा जा.

मध्येच मोडणारे बिजागरीचे क्लब, हात बांधणारे पट्टे, डोकं स्थिर धरणाऱ्या दांड्या यांच्याबाबत माझं मत आधी सांगितलंच आहे. कोच स्वतः देत असेल आणि कधी काढायचं तेही सांगत असेल तर जरूर वापरा. एक अपवाद मात्र मी मनापासून करतो, तो बोटांचे खळगे असलेल्या शिकाऊ ग्रिपचा. पकड ही स्विंग सुरू होण्याआधीची स्थिर गोष्ट आहे. नवशिक्याचे, विशेषतः मुलांचे हात योग्य जागी बसायला ही ग्रिप खरी मदत करते. टीव्ही पाहताना रोज दहा मिनिटं नुसती धरली तरी चालते. फक्त ती सरावाच्या क्लबवरच राहू द्या. खेळायच्या क्लबला अशी हाताच्या आकाराची ग्रिप नियमात बसत नाही.

मुलांचा विषय निघाला आहे तर पालकांसाठी दोन शब्द. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकला भारताच्या पुरुष गटातून गेलेले दोन्ही गोल्फर पुण्याशी नातं सांगतात. अनिर्बान लाहिरीचा जन्म १९८७ मध्ये पुण्यात झाला, तर उदयन माने पुण्याचाच खेळाडू. तेव्हापासून आठ-दहा वर्षांच्या मुलांना रेंजवर आणणारे पालक मला अधिक दिसतात, आणि त्यांच्या हातातल्या साधनांच्या पिशव्याही. मुलाला आधी त्याच्या उंचीचे आणि वजनाला हलके क्लब द्या. मोठ्यांचा क्लब कापून दिला तर तो आखूड होतो, पण दांडा ताठ आणि डोकं जड राहतं, आणि मूल तो ओढण्यासाठी सगळं अंग वाकवायला शिकतं. ती सवय नंतर कोणतंच साधन मोडत नाही. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळ राखणाऱ्या माणसाचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, औपचारिक शिकवणीशिवाय खेळत मोठा झाला आणि २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकला. त्याच्याकडे साधनं नव्हती, हिरवळ होती आणि वेळ होता. मुलांना आधी ग्रीनभोवती खेळू द्या.

एवढं वाचून काही विकत घ्यायचं ठरवलंत तर घेण्याआधी ते कोणाकडून तरी उसनं आणा आणि अशी परीक्षा घ्या. साधनाशिवाय दहा चेंडू, साधनासह दहा, पुन्हा साधनाशिवाय दहा. मधल्या दहांकडे दुर्लक्ष करा, ते नेहमीच छान दिसतात आणि त्यांच्याच जोरावर साधनं विकली जातात. पहिले दहा आणि शेवटचे दहा ताडून पाहा. मग दोन दिवसांनी, साधनाला हात न लावता, आणखी दहा मारा. या चौथ्या दहांत फरक टिकला असेल तर साधन तुमच्या कामाचं आहे. नसेल तर परत द्या.

घेतल्यावरही सतत वापरू नका. तीन चेंडू साधनासह, तीन साधनाशिवाय, आणि प्रत्येक वेळी लक्ष्य किंवा क्लब बदला. मैदानावर एकच फटका लागोपाठ दुसऱ्यांदा कधी मारायला मिळतो? एका वेळी एकच साधन, किमान तीन आठवडे. आणि तुमच्या नेहमीच्या कॅडीला विचारा. तुमचा स्विंग त्याने तुमच्यापेक्षा जास्त वेळा, आणि बाहेरून, पाहिलेला असतो. वाईट दिवशी तुम्ही घाई करता की उजवीकडे उभे राहता, हे तो एका वाक्यात सांगेल. बहुतेक खेळाडू त्याला फक्त अंतर विचारतात.

शेवटी स्पर्धेची एक गोष्ट, कारण तिथे नकळत फटके वाया जातात. फेरीआधी रेंजवर काठ्या, पंचा, वजनदार ट्रेनर सगळं चालतं. फेरी सुरू झाल्यावर दिशेची काठी किंवा क्लबवर चढवायचं वजन वापरून सरावाचा स्विंग केला तर नियम ४.३ चा भंग होतो. पहिल्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्या वेळी स्पर्धेतून बाद. पहिल्या टीवर जाण्याआधी काठ्या बॅगेत ठेवा आणि अठराव्या ग्रीनपर्यंत तिथेच राहू द्या.